नोकरीवर पाणी सोडलं

गेल्या महिन्यात आमच्या सांगलीच्या घरी टपालानं एक माहितीपत्रक आलं. गुळगुळीत कागद, चार रंग, इंग्रजी मजकूर. साताऱ्याच्या डोंगरउतारावरचे बंगले आता पाहुण्यांना राहायला मिळणार, सोबत अर्ध्या दिवसात शहर दाखवणारी खासगी गाडी आणि माहीतगार माणूस. तिसऱ्या पानावर गुलाबाच्या वाफ्यांचं चित्र आणि खाली एक ओळ: बागेला बारमाही पाणी. वडिलांनी ते पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "तुझ्या मामाच्या गाड्या दिसतायत यात."

मी ते पत्रक फाडलं. आमच्या घरात मी काही फाडत नाही, आवाजही चढवत नाही, म्हणून आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. मी तिला काही बोलले नाही. बोलायचं होतं ते इथे लिहिते आहे.

माहीतगार माणूस एकच होता. हणमंता खरात. स्टँडवरचे लोक त्यांना आबा म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले.

चौऱ्याहत्तर साली मी बी.ए. होऊन घरी बसले होते. शाळा पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेली, त्यामुळे मराठी घरात बोलण्यापुरतं आणि सुटीत मासिकं वाचून जमवलेलं. मामांचं ऑफिस साताऱ्याला एस.टी. स्टँडसमोर. दोन अँबॅसेडर, एक टेबल, एक टाइपरायटर आणि दारावर पाटी: 'सातारा दर्शन, खासगी गाडी, अर्धा दिवस'. त्यांना इंग्रजी पत्रं लिहायला आणि मराठी न येणाऱ्या पाहुण्यांबरोबर गाडीत बसायला कुणीतरी हवं होतं. "तिथं बसून तुझं इंग्रजी गंजेल, इकडं ये," असं त्यांनी आईमार्फत कळवलं आणि मी गेले. मला परक्या माणसांशी बोलायला नको वाटतं. पण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत नेऊन ठेवायचं, यात आपलं स्वतःचं काही बोलावं लागत नाही, असा माझा समज होता.

पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "हे आबा. गाव दाखवतात. जरा तोंडाचे फटकळ आहेत, तू सांभाळून घे."

आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ह्या व्हय विंग्रजीताई? चढवतंय का हिला?"

पन्नाशी उलटलेला, बुटका, काळा, पिंढऱ्या दगडासारख्या असलेला माणूस. अंगात भर वैशाखातही खाकी कोट. कोटाला बटणं नव्हती, तीन सेफ्टी पिना होत्या. बटणं पितळेची होती आणि ज्यांची होती त्यांनी ती कापून परत घेतली होती. हे मला ड्रायव्हरनं सांगितलं. आबांना पिनांबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती.

ज्यांची बटणं होती तो एक ट्रस्ट. शहराच्या वरच्या अंगाला, उतारावर त्यांचे बंगले, बाग आणि सगळ्यांच्या डोक्यावर झऱ्याच्या पाण्यानं भरणारी दगडी टाकी. ट्रस्टी मुंबईला असत, बंगले वर्षातले दहा महिने बंद असत आणि बागेला रोज पाणी लागत असे. आबा त्या टाकीवर बावीस वर्षं चावीवाले होते. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. कमरेएवढी उंच लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. ती जमिनीतल्या भोकात घालून फिरवली की पाणी सुटतं किंवा थांबतं. ट्रस्टनं आबांना काढून टाकलं होतं. मामांच्या सांगण्याप्रमाणे कारण 'मॅनेजरशी भांडण'. आबांचा स्वभाव पाहता मला ते पटलं आणि मी पुढे विचारलं नाही. न विचारणं ही माझी जुनी सवय. ती मला सभ्यपणाची वाटायची.

गाव दाखवायची आबांची रीत कुठल्याच पुस्तकात बसणारी नव्हती. पाहुणे गाडीत बसले की पहिला प्रश्न एकच, "घरी पानी किती वाजता येतं?" मी तो इंग्रजीत विचारायची. "पहाटे चारला, अर्धा तास," असं कुणी म्हणालं की आबा त्याच्याकडे सोयऱ्यासारखं पाहायचे. "चोवीस तास असतं," असं म्हणणाऱ्याला मात्र अर्धा दिवस जड जायचा.

गाडी अजिंक्यताऱ्याच्या चढावर अर्ध्यात सोडून चालायला लावायचे आणि स्वतः पुढे निघायचे. मागे वळून बघत नसत. कुणी थांबलं तरी त्यांना ते कसं कळायचं कोण जाणे, तिथूनच ओरडायचे, "बसू नका, बसला की चढ वाढतो." वर गेल्यावर लोक राजवाडा कुठे, तख्त कुठे असं विचारत. आबा त्यांना तटाच्या कडेला उभं करून खाली बोट दाखवायचे. "राजा कुठं बसला ते मागनं सांगतो. आदी उतार बघा. पानी कुठनं येतंय आन् कुणाच्या दारात थांबतंय ते बघा. त्ये कळलं की गाव कळलं." मग कास तलावावरून येणारं पाणी कुठून उतरतं, कोणत्या पेठेत आधी जातं, कोणत्या आळीतल्या बायकांना शेवटी मिळतं, हे सगळं ते बोटानं हवेत काढून दाखवत. आणि शेवटी बोट ट्रस्टच्या टाकीवर येऊन थांबायचं. तिथे ते काही सांगत नसत. उजवा हात मात्र मांडीशी आपोआप डावीकडे फिरायला लागायचा. चावी उघडायची ती डावीकडे.

त्यांच्या रागाला ऋतू नव्हता. पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते, इतिहासाचे. आबांनी एक सन सांगितला की ते तो दुरुस्त करायचे. तीनदा झालं. चौथ्यांदा आबा थांबले. "मास्तर, सन तुमी सांगा. चढ मी सांगतो. वाटून घिऊ." प्राध्यापक हसले, पण पुढे खरंच तसंच झालं. उतरताना प्राध्यापक म्हणाले, "खरात, तुम्ही शिकला असता तर..." आबा म्हणाले, "शिकलो असतो तर तुमच्यासारका धापा टाकत आलो असतो."

दिल्लीचं एक जोडपं आलं होतं. त्या बाईंच्या पायात उंच टाचांच्या चपला. किल्ल्याच्या वाटेवरच्या 'चार भिंती' स्मारकाच्या चढावर त्या तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा आबा म्हणाले, "ह्या बाईला सांग, खुंटीवर चढून डोंगर चढायचा नसतो. चपला काडून हातात घे म्हनावं, न्हाईतर गाडीत जाऊन बस आन् नवऱ्याला सुकानं बघू दे."

मी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, सावकाश या."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "मी एवढं बोललो आन् तू एवढंसंच सांगितलंस? विंग्रजी लय आखूड दिसतीया."

मी मान खाली घातली. पण सवय सोडली नाही. त्यांची धार मी दर वेळी बोथट करायची आणि पाहुणे जाताना म्हणायचे, किती गोड म्हातारा आहे. तो शब्द मी कधीच आबांना मराठीत सांगितला नाही. त्याच दिल्लीच्या नवऱ्यानं वर पोचल्यावर थर्मासमधलं पाणी कोमट झालं म्हणून तटावरून खाली ओतलं. आबा वळले आणि उतरायला लागले. ते जोडपं वर, मी मध्ये, आबा खाली. मी धावत गेले. "आबा, अजून मंगळाईचं देऊळ राहिलंय."

"त्यांचं बघून झालं."

"मामा रागावतील."

"रागवू दे की. मी काय मेलोय व्हय, ऐकून घ्यायला हाय न्हवं."

मामा रागावले. मामांनी कागदावर यादी करून दिली: किल्ला, चार भिंती, देऊळ, घाट, पेढे. आबांनी ती यादी घडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पुन्हा उतारच दाखवला. मामांनी त्यांना काढलं मात्र नाही, कारण त्यांच्याइतकं गाव दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मामांना हे माहीत होतं आणि आबांनाही.

तर दिवाळीनंतर एक दिवस मामा उड्या मारत ऑफिसात आले. ट्रस्टचे नवे अध्यक्ष साताऱ्याला यायचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांची सभा, आणि सभेच्या आदल्या सकाळी त्यांना आणि त्यांच्या पत्नीला शहर बघायचं होतं. गाडी आपली. हे गृहस्थ कराचीत जन्मलेले, नोकरी कलकत्त्याला केलेले, आता मुंबईला स्थायिक. मराठी अजिबात नाही. हिंदी ड्रायव्हरला थांब आणि चल म्हणण्यापुरती.

मामांनी आबांना त्या दिवशी सुट्टी देऊ केली. आबा म्हणाले, "सुट्टी मला दीड वरीस झालं मिळालीया. गाडीवर मीच जानार."

दीड वर्षांपूर्वी त्यांनी ट्रस्टला अर्ज केला होता. कचेरीबाहेरच्या लेखनिकाकडून लिहून घेतलेला. त्याला उत्तर नव्हतं. त्या सभेत तो निघणार होता, असं बंगल्यावरच्या माळ्यानं त्यांना सांगितलं होतं. त्या सकाळी ते आले तेव्हा कोट धुतलेला होता आणि दाढी केलेली होती. मला बाजूला घेऊन ते प्रथमच हळू आवाजात बोलले.

"ताई, आज मी साहेबाला माझं सांगनार हाय. त्यांनी कागदावर माझ्या नावाला डाग लावलाय, त्यो पुसायचा आन् चावी परत मागायची. मी बोलंन त्ये सगळं सांगायचं. गाळायचं न्हाई. ग्वाड करायचं न्हाई."

"हिंदीत तुम्हीच सांगा ना थोडं, आबा."

"हिंदीत मला भांडान जमत न्हाई."

मी म्हणाले, "शब्द न शब्द सांगेन." आणि मी मनापासून म्हणाले. डाग कसला, हे तेव्हासुद्धा मी विचारलं नाही.

आबांनी त्या दिवशी सगळं नीट दाखवलं. साहेबांना सावलीत उभं केलं, बाईसाहेबांसाठी दोनदा थांबले. साहेब गोरेपान, मृदू, टोपी हातात घेऊन ऐकणारे. तटाच्या कडेला आल्यावर खाली टाकी दिसली. आबांनी बोट दाखवलं आणि या वेळी गप्प बसले नाहीत. ते काय बोलले ते मला अजून जसंच्या तसं पाठ आहे.

"साहेब, त्या साली दुष्काळ हुता. खाली नाल्याच्या अंगाला खडी फोडायला मान-दहिवडीकडची मानसं आली हुती, बायकापोरं, शेरडं. वर ही टाकी काठोकाठ. बंगल्यात कुनी न्हाई, गुलाबाला पानी चाललेलं. मी नोकरीवर पानी सोडलं. मला कुनी सांगितलं न्हाई, माझं मीच सोडलं. कागदावर ल्हिलंय त्ये खोटं हाय. त्ये पुसा आन् माझी चावी मला परत द्या."

मराठी वाचणाऱ्याला मी इथे कुठे चुकले ती जागा दिसलीच असेल. मला दिसली नाही. 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं' म्हणजे ती कायमची सोडून देणं, हे मी शाळेच्या सुटीत एका मासिकात वाचून वहीत उतरून ठेवलं होतं. आई हरवलेल्या डब्यावर पाणी सोडायची, आत्या सासरच्या दागिन्यांवर. आबा नोकरीवर पाणी सोडलं म्हणाले आणि मला ते वहीतलं वाक्य भेटलं. खालचे तहानलेले लोक पाहून या माणसानं नोकरी टाकून दिली, आणि काढून टाकलं ही कागदावरची गोष्टच खोटी, असं मला कळलं. मला ते फार थोर वाटलं. आमच्या घरी 'कामावर असताना' म्हणतात. 'नोकरीवर' म्हणजे पाळीवर, कोट घालून, चावी हातात घेऊन, हे त्यांच्या बोलण्यात साधं होतं. त्यांनी नोकरीवर असताना पाणी सोडलं होतं. खरंखुरं पाणी. टाकीच्या तळातून, नाल्यात.

मी इंग्रजीत सांगितलं: दुष्काळ होता, खाली माणसं तहानलेली होती, टाकी भरलेली होती. हे पाहून यांनी नोकरीचा त्याग केला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन केला. कागदावर लिहिलंय ते खोटं आहे. ते पुसावं, आणि चावी परत मिळावी.

काही गाळलं नाही. गोडही केलं नाही, असं मला वाटलं. उलट आवाज थोडा थरथरला तो अभिमानानं.

साहेबांनी आबांकडे पाहिलं. "आपण होऊन?" त्यांनी मला विचारलं. मी आबांना विचारलं, "आबा, तुम्ही आपण होऊनच सोडलं ना?"

"व्हय. माझं मी. कुनाच्या सांगन्यावरनं न्हाई."

साहेबांनी खिशातून छोटी वही काढली आणि दोन ओळी लिहिल्या. मग आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांना सांगा, हे उदात्त आहे. सभेत सहानुभूतीनं विचार होईल." मी सांगितलं. आबांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. राग नव्हता. उतरताना त्यांनी साहेबांना हात दिला, बाईसाहेबांना करवंदाची जाळी दाखवली, पेढ्यांच्या दुकानात स्वतः चव घेऊन ताजे पेढे निवडून दिले. गाडीत माझ्या कानाशी म्हणाले, "बरं सांगितलंस ताई. साहेबाच्या डोळ्यात पानी आलं हुतं."

मी खूश होते. हे लिहिताना मला माझ्या त्या खुशीचाच सगळ्यांत जास्त राग येतो.

आठवड्यानं ट्रस्टचं पत्र आलं, मामांच्या पत्त्यावर, इंग्रजीत. मी ते आबांना वाचून दाखवायचं होतं. मामा टेबलापाशी, आबा उभे, मी टाइपरायटरमागे. पत्रात लिहिलं होतं की खरात यांच्या नोंदीतला 'चोरी' हा शब्द ट्रस्टनं उदार मनानं काढून टाकला आहे. त्याजागी 'स्वेच्छेनं नोकरी सोडली' अशी नोंद केली आहे. नोकरी स्वतः सोडलेल्याला परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

चोरी हा शब्द मी तेव्हा प्रथम वाचला.

"मी सोडली?" आबा म्हणाले. "नोकरी? मी? अरं, चावी माझ्या हातनं हिसकून घेतली त्या मॅनेजरनं. बटनं कापली. रातचा येऊन कुलूप तोडून पानी इकलं म्हनून ल्हिलं. म्हनून तर मी साहेबाला सांगितलं, मी नोकरीवर पानी सोडलं. दुपारी दोनला. कोट घालून. चोर काय कोट घालून येतो?"

माझे हात टाइपरायटरच्या कळांवर होते. ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना मला त्यातलं पाणी दिसलं.

मी काही बोलले नाही. इथे मला कुठलीही सबब द्यायची नाही. आबा मामांवर ओरडत होते, मामा हात वर करून 'अहो डाग तर गेला ना' म्हणत होते आणि मी गप्प होते.

"चोर म्हनले त्ये त्यांचं खोटं हुतं," आबा म्हणाले. "त्ये मी तोंडावर फेकून दिलं असतं. ह्ये माझ्या तोंडचं खोटं केलंय. आता कुनाशी भांडू?"

ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी मामांना सांगितलं की चूक माझी होती, साहेबांना ताबडतोब कळवायला हवं. मामांनी दार लोटून घेतलं.

"हे बघ, बाळ. ट्रस्ट बंगले पाहुण्यांना खुले करतोय. गाड्या आपल्याच लावणार आहेत, साहेब बोलून गेलेत. आता तू त्यांना लिहिणार की तुमच्या पाहुणचाराला आम्ही दिलेल्या मुलीला मराठी येत नाही?"

"पण आबांची नोकरी..."

"आबाचं वय काय, राहिलीत किती वर्षं? तू आपली गप्प राहा. तुला ते जमतं."

मामा वाईट माणूस नाहीत असं आई म्हणते. नसतील. मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला आले आणि साहेबांना पत्र लिहिलं. चार वेळा खोडून लिहिलं. चूक भाषेची आहे आणि माझी आहे, खरात यांनी पाळीवर असताना दिवसाढवळ्या पाणी सोडलं, चोरी केली नाही आणि नोकरीही सोडली नाही, असं स्पष्ट लिहिलं. पंधरा दिवसांनी तीन ओळींचं उत्तर आलं. ट्रस्टचा निर्णय त्या माणसाच्या स्वतःच्या कथनावर आधारलेला आहे, जे आपणच आमच्यापर्यंत पोचवण्याची कृपा केलीत. प्रकरण बंद झालं आहे.

मला भाषा कळत नाही, हे मान्य. पण त्यांच्याकडे तर कागद होता. कागदावर चोरी म्हणून काढलं असं लिहिलेलं आणि समोरचा माणूस म्हणतोय मी स्वतः सोडली. दोन्हींत मेळ नाही हे न कळण्याइतका तो गृहस्थ अडाणी नव्हता. एक प्रश्न विचारला असता तर उलगडलं असतं. त्यांनी विचारलाही, पण त्यांना हवा होता तेवढाच. माझी चूक त्यांच्या सोयीची होती. म्हणून त्यांनी ती उचलून वहीत ठेवली.

ते उत्तर घेऊन मी आबांच्या गावाकडे, दहिवडीला गेले. सांगलीहून विटा, तिथून दुसरी गाडी. आबांची वाडी रस्त्यापासून दोन फर्लांग आत. भावाच्या घरापुढे ते दावं वळत बसले होते. कोट अंगात नव्हता. मला पाहून उठले नाहीत. त्यांच्या वहिनींनी पाणी आणून दिलं, मी ते उभ्यानंच घेतलं.

मी सगळं सांगितलं. वही, मासिक, वाक्य, इंग्रजीत मी काय म्हणाले ते, माझं पत्र आणि आलेलं उत्तर. उत्तरातला एकेक शब्द मराठी करून सांगितला. काही गाळलं नाही. आबांचा हात दाव्यावर थांबला होता. 

"म्हंजे मी म्हनलो, पानी सोडलं," ते म्हणाले. "आन् तू सांगितलंस, नोकरी सोडली."

"हो."

"आन् साहेबानं परत इचारलं तवा तू मला इचारलंस. मी व्हय म्हनलो."

"हो."

"ऑफिसात मी बोंबलत हुतो तवा तुला कळलं हुतं?"

मी म्हणाले, "हो."

"आन् गप बसलीस."

"मी पत्र लिहिलं, आबा."

"पत्र," ते म्हणाले. "तोंड हुतं न्हवं? मामा म्होरं, मी म्होरं. तवा बोलली असतीस तर मी तसाच मुंबईला गेलो असतो. बंगल्याच्या दारात बसलो असतो. आता त्यांनी शाई वाळवली."

 मी म्हणाले, मी पुन्हा लिहीन, मुंबईला स्वतः जाईन. ते म्हणाले, "नगं. तू काय सांगून येशील त्येचा नेम न्हाई." भावानं आतून विचारलं, "कोन हाय रं?" आबा म्हणाले, "कुनी न्हाई. वाट चुकलीया. गाडीपातूर सोडून येतो."

ते उठले आणि चालायला लागले. मी मागून. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना कुसळं, मेंढरांची लेंडकं पडलेली वाट. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी एका ठिकाणी अडखळले, तेव्हाही नाही. फाट्यावर आम्ही दोघं पाच हात अंतर ठेवून उभे राहिलो. मी एकदा "आबा" म्हणाले. त्यांनी रस्त्याच्या त्या टोकाकडे बघणं सोडलं नाही.

गाडी आली. मी चढले. आबा दाराच्या पायरीपाशी आले आणि कंडक्टरला म्हणाले, "ही सांगलीची हाय. हिला इट्याला उतरवून म्होरच्या गाडीत बसवा. आन् जरा नीट समजावून सांगा. हिला मराठी येत न्हाई."

गाडी सुटायच्या आत ते वळून निघाले होते. मागच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसली, भरभर जाणारी, चढ नसताना चढ असल्यासारखी पुढे वाकलेली.

कंडक्टर माझ्याजवळ आला, थोडा वाकला आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून म्हणाला, "मेमसाब, किधर जाना है?"

मी हिंदीतच तिकीट मागितलं.